विश्लेषण : लोकलचा पास काढावा की रोजचे तिकीट? हिशेब अकराव्या दिवसाचा

‘पास संपला, नवा काढायचा’ हा ठाणे-कल्याण पट्ट्यातील नोकरदारांच्या घरखर्चातला न तपासलेला आकडा आहे. आठवड्याचे सहा दिवस कार्यालयात जाणाऱ्याला तो तपासण्याची गरजही नव्हती. पण आता कुणी आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जातो, कुणी दोन दिवस. कुणी सकाळी लोकलने जातो आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने परततो. कुणी साध्या डब्यातून एसी लोकलकडे वळला आहे. घरकाम करणाऱ्या बाईंचे किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचे कामाचे दिवस तर आधी ठाऊकच नसतात. या सगळ्यांसाठी पास आणि तिकीट यांचा हिशेब एकसारखा नाही. तो कसा मांडायचा, कुठे फसगत होते आणि रेल्वेच्या पासच्या रचनेत नेमके काय कमी आहे, याचा हा आढावा.

पासची किंमत कशी ठरते?

उपनगरी रेल्वेचा साधा मासिक पास हा मुळात १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यावर आधारलेला आहे. म्हणजे साडेसात दिवसांच्या जाण्यायेण्याचे पैसे द्यायचे आणि महिनाभर हवा तितका प्रवास करायचा, अशी ही सवलत. ती टिकली ती प्रवाशांच्या दबावामुळे. २० जून २०१४ रोजी रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली, तेव्हा मासिक पास १५ ऐवजी ३० प्रवासांच्या भाड्यावर आकारण्याचे ठरले होते. म्हणजे पास एका झटक्यात जवळपास दुप्पट झाला असता. मुंबई आणि परिसरात त्याविरोधात ओरड झाली, राज्यातील शिवसेना-भाजपचे खासदार तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांना भेटले आणि २४ जूनला हा निर्णय मागे घेण्यात आला. पास पुन्हा १५ प्रवासांवर आला.

प्रत्यक्षात आज हातात पडणारा पास १५ तिकिटांच्या नेमक्या किमतीचा नसतो. मूळ भाड्यावर अधिभार लागतो, रक्कम पाच रुपयांच्या पटीत नेली जाते. शिवाय सेकंड क्लासचे तिकीट इतके स्वस्त आहे की या लहान भरीचाही परिणाम दिसतो. त्यामुळे नियमातील ‘१५’ हा आकडा हिशेबाला उपयोगाचा नाही. उपयोगाचा आकडा एकच : पासची किंमत भागिले एका फेरीचे तिकीट.

सेकंड क्लासमध्ये पास कितव्या दिवशी वसूल होतो?

ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचे तिकीट १० रुपये आहे आणि मासिक पास २१५ रुपये. जाऊन-येऊन दिवसाला २० रुपये धरले तर २१५ रुपये अकराव्या दिवशी वसूल होतात. कल्याण ते सीएसएमटी तिकीट १५ रुपये, पास ३१५ रुपये. दिवसाला ३० रुपयांप्रमाणे हाही पास अकराव्या दिवशीच वसूल होतो. अंतर वीस किलोमीटरने वाढले तरी वसुलीचा दिवस बदलत नाही, हे यातले लक्षात ठेवण्यासारखे. डोंबिवली, दिवा, टिटवाळा किंवा बदलापूरच्या प्रवाशांनी आपल्या दोन स्थानकांमधले तिकीट आणि पास अॅपवर पाहून हाच भागाकार करावा.

आता हे दिवस महिन्यात बसवून पाहू. आठवड्याला सहा दिवस जाणाऱ्याचे महिन्याला सुमारे २६ दिवस होतात. कल्याणहून त्याचा रोजच्या तिकिटांचा खर्च ७८० रुपये होईल. पास ३१५ रुपयांत मिळतो. इथे प्रश्नच नाही. आठवड्याला तीन दिवस जाणाऱ्याचे महिन्यात सुमारे १३ दिवस भरतात, म्हणजे ३९० रुपये. अजूनही पासच स्वस्त. आठवड्याला दोनच दिवस जाणाऱ्याचे साधारण नऊ दिवस होतात. त्याला तिकिटे २७० रुपयांना पडतात आणि पास ४५ रुपयांनी महाग ठरतो. ठाण्याच्या प्रवाशासाठी हाच फरक ३५ रुपयांचा आहे.

थोडक्यात, आठवड्याला तीन दिवस किंवा अधिक असतील तर पास, दोन किंवा कमी असतील तर तिकीट. ज्यांचा प्रवास एकाच बाजूने लोकलचा आहे, त्यांनी दिवस नव्हे, फेऱ्या मोजाव्यात. ठाण्याहून २२ आणि कल्याणहून २१ एकेरी फेऱ्या झाल्या की पास वसूल झाला.

फरक ३५-४५ रुपयांचाच असेल, तर विचार कशाला करायचा?

सेकंड क्लासपुरते हे म्हणणे बरोबर आहे. इथे पास चुकून काढला गेला तरी नुकसान एका वडापाव-चहाइतके आहे. त्या बदल्यात मिळते ते मोठे आहे. रांग नाही, सुट्या पैशांचा प्रश्न नाही, मध्ये घाटकोपरला किंवा दादरला उतरून एखादे काम उरकून पुन्हा त्याच मार्गावर गाडी पकडता येते. तिकिटावर असे मध्येच उतरलात की प्रवास तिथे संपतो. रविवारी त्याच मार्गावर नातेवाईकांकडे जाण्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

उलट बाजूही पाहायला हवी. पास संपल्याचे लक्षात न येणे हा या पट्ट्यातला नेहमीचा प्रकार आहे. तिकिटाविना पकडले गेल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे. म्हणजे एका दिवसाच्या विसरभोळेपणाची किंमत ठाण्याच्या महिनाभराच्या पासपेक्षा जास्त. सेकंड क्लासचा पास खिशात असताना फर्स्ट क्लासच्या किंवा एसी लोकलच्या डब्यात सापडलात, तरी दंड आणि भाड्यातला फरक भरावा लागतो.

दंडापलीकडचा मुद्दा अधिक गंभीर आहे. रेल्वे अपघातात मृत्यू झाल्यास कुटुंबाला रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून आठ लाख रुपयांची भरपाई मिळू शकते. त्यासाठी मृत व्यक्ती अधिकृत प्रवासी होती, हे महत्त्वाचे ठरते. केवळ मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा आपोआप फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले. मात्र सुरुवातीची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच राहते. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीने भरलेल्या दोन लोकल एकमेकींना पार करताना दारातले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. या मार्गावर रोज प्रवास करणाऱ्यांना याहून वेगळे उदाहरण देण्याची गरज नाही. वैध पास किंवा तिकीट हा अशा वेळी कुटुंबाच्या हातातला कागद असतो. दिवसाला तीस रुपये वाचवण्यासाठी तो कागद सोडणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

त्रैमासिक आणि वार्षिक पास खरोखर स्वस्त पडतो का?

त्रैमासिक पास मासिक पासच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट आकारला जातो. तिन्हींत सवलत दहा टक्क्यांचीच आहे. कल्याण-सीएसएमटी मार्गावर तीन मासिक पास ९४५ रुपयांना, तर त्रैमासिक पास सुमारे ८५० रुपयांना पडतो. वर्षाचा पास घेतला तर ३,७८० ऐवजी साधारण ३,४०० रुपये लागतात.

पण या सवलतीची एक अट आहे. तुम्ही त्या संपूर्ण काळात प्रवास करणार, असे ती गृहीत धरते. त्रैमासिक पासची किंमत म्हणजे मासिक दराने ८१ दिवसांचे पैसे. याचा अर्थ असा की ९० दिवसांत तुम्ही सलग नऊ दिवसांहून अधिक सुटी घेणार असाल आणि मासिक पास नेमका त्या सुटीआधी संपवून सुटीनंतर नवा काढू शकत असाल, तर त्रैमासिकची सवलत उडून जाते. गणपतीला दहा दिवस कोकणात जाणारे, दिवाळीची किंवा मे महिन्याची लांब सुटी घेणारे, बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या महिला यांनी त्रैमासिक पास काढण्याआधी दिनदर्शिका पाहावी.

दुसरा धोका नोकरी बदलण्याचा. पास दोन ठरावीक स्थानकांमध्ये आणि ठरावीक मार्गावर चालतो. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्याची नोकरी ऐरोलीला हलली, तर सीएसएमटीपर्यंतचा पास ठाण्यापर्यंतच उपयोगाचा राहतो. ठाण्यापुढे दिघा गाव, ऐरोली, घणसोली हा ट्रान्स हार्बर मार्ग त्यात येत नाही. न वापरलेल्या पासचे पैसेही परत मिळत नाहीत. कराराची नोकरी असेल किंवा कंपनी जागा बदलण्याच्या तयारीत असेल, तर वार्षिक पासच्या दहा टक्क्यांसाठी हा धोका पत्करू नये. जागा आणि नोकरी दोन्ही पक्की असणाऱ्यांना मात्र, विशेषतः सरकारी कार्यालये, बँका आणि न्यायालयांत काम करणाऱ्यांना, सहामाही किंवा वार्षिक पास सोयीचा आहे. बचतीपेक्षा त्यातून सुटका मिळते ती दर महिन्याच्या आठवणीतून.

एसी लोकलमध्ये गणित का बदलते?

चूक महाग पडते ती इथे. देशातली पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. मध्य रेल्वेवर ती आधी जानेवारी २०२० अखेर ठाण्याच्या ट्रान्स हार्बर मार्गावर आली आणि डिसेंबर २०२० मध्ये सीएसएमटी-कल्याण मार्गावर. एसी लोकलसाठी सुरुवातीलाच वेगळे सूत्र ठरले. साप्ताहिक पास पाच, पंधरवड्याचा साडेसात आणि मासिक पास दहा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका. म्हणजे तेव्हा एसीचा मासिक पास अवघ्या पाच दिवसांच्या जाण्यायेण्यात वसूल होत होता. आठवड्याला दोन दिवस जाणाऱ्यालाही पासच परवडत होता.

५ मे २०२२ पासून एसी लोकलच्या एकेरी तिकिटाचे भाडे निम्म्यावर आणले गेले. पासचे दर मात्र तसेच ठेवले गेले. भाडे कमी झाल्याचा आनंद सर्वांना झाला. पण पास आणि तिकीट यांच्यातले नाते त्या दिवशी बदलले, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. जुनी दहा तिकिटे म्हणजे आताची वीस. त्यामुळे मासिक पास वसूल व्हायला आता सुमारे दहा दिवस लागतात, पंधरवड्याच्या पासला साडेसात आणि साप्ताहिक पासला पाच. अधिभार, जीएसटी आणि रुपयांची भर यामुळे यात थोडा इकडेतिकडे फरक पडतो.

कल्याण-सीएसएमटीचे एसी तिकीट शंभर रुपयांच्या आसपास आहे आणि मासिक पास दोन हजारांच्या पुढे. आठवड्याला दोन दिवस जाणाऱ्याची महिन्याची १८ तिकिटे होतात. त्याने जुन्या सवयीने पास काढला, तर त्याचे दोनेकशे रुपये जातात. सुटीचा महिना असेल तर नुकसान आणखी वाढते. उलट आठवड्याला तीन दिवस जाणारा ‘आपण रोज कुठे जातो’ म्हणत २६ तिकिटे काढत राहिला, तर तो पासपेक्षा महिन्याला पाचशेहून अधिक रुपये जास्त मोजतो.

एसीचा साप्ताहिक पास तर पाच दिवस पूर्ण गेल्याशिवाय परवडत नाही. आठवड्यात एखादी सुटी आली की तो तोट्यात गेलाच. परगावाहून काही दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आलेल्याने किंवा रुग्णालयात दाखल नातेवाइकाकडे रोज ये-जा करणाऱ्याने आधी दिवस मोजावेत.

फर्स्ट क्लासच्या एकेरी तिकिटातही त्याच दिवशी कपात झाली आणि तिथेही पास जागेवरच राहिला. त्यामुळे ‘फर्स्ट क्लासचा पास म्हणजे डोळे झाकून फायदा’ हे जुने समीकरण आता तपासून घ्यावे लागते. पासची रक्कम भागिले आजचे तिकीट, हाच उपाय.

पास आणि तिकीट दोन्ही वापरले तर?

अनेकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. सेकंड क्लासचा पास काढून ठेवायचा आणि ज्या दिवशी पाऊस, आजारपण किंवा उशिराची बैठक असेल, त्या फेरीपुरते एसीचे तिकीट घ्यायचे. कल्याणहून ३१५ रुपयांचा पास आणि महिन्यात आठ एसी फेऱ्या धरल्या, तरी खर्च बाराशे रुपयांच्या आत राहतो. एसी पासच्या तो निम्म्याच्या थोडा वर आहे. रोज सकाळी साध्या गाडीत जागा मिळते पण संध्याकाळी घुसमट होते, अशांनी हा हिशेब जरूर करावा.

एसी पासधारकांसाठी एक दिलासा आहे. एसी लोकल चुकली तर त्याच पासवर साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासमधून जाता येते. उलट चालत नाही. फर्स्ट क्लासचा पास एसी लोकलमध्ये वैध नाही. कल्याण मार्गावर एसी फेऱ्या ठरावीक वेळेलाच असल्याने ही सवलत कामाची आहे.

आणखी एक गोष्ट. लोकलचे भाडे किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते. त्यामुळे पुष्कळदा एक-दोन स्थानके पुढचा पासही त्याच किमतीत मिळतो. पास काढताना नेहमीच्या स्थानकाबरोबर पुढच्या स्थानकाचा दरही पाहावा. पैसे तेच असतील तर लांबचा घ्यावा.

विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. घर ते शाळा-महाविद्यालय या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत आहे. त्यापुढच्या विद्यार्थ्यांना पास सवलतीत मिळतो. त्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल आणि तिचा पास पूर्ण पैसे भरून काढला जात असेल, तर आधी कॉलेजच्या कार्यालयात चौकशी करावी.

युरोपच्या सहलीत हाच प्रश्न कसा सोडवतात?

ठाणे-डोंबिवलीतून उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांची संख्या आता कमी नाही. स्वतः आखणी करून जाणाऱ्या कुटुंबासमोर तिथेही हाच पेच येतो. ‘स्विस ट्रॅव्हल पास’ घ्यायचा की सुटी तिकिटे? हा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांसाठी मिळतो. रेल्वे, बस, बोटी आणि शहरांतली वाहतूक त्यात येते. त्याचाच दुसरा प्रकार महिन्याभरातले कोणतेही तितके दिवस निवडू देतो. मात्र दिवसागणिक तो थोडा महाग असतो.

पण तिथे तिसरा पर्यायही आहे आणि आपल्याकडच्या चर्चेसाठी तो अधिक महत्त्वाचा. महिनाभराचे ‘हाफ फेअर कार्ड’ घ्यायचे. २०२५ मध्ये त्याची किंमत १२० फ्रँक होती. मग जवळपास प्रत्येक तिकीट निम्म्या दरात. पूर्ण भाड्याची तिकिटे २४० फ्रँकच्या वर जाणार असतील तर कार्ड वसूल झाले. रोज नव्या गावी जाणाऱ्या कुटुंबाला पूर्ण पास बरा. ल्युसर्न किंवा इंटरलाकेनला मुक्काम ठोकून दोन-तीनच मोठ्या सहली करणाऱ्याला हे कार्ड बरे. युंगफ्राउयोखचे उदाहरण बोलके आहे. ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो आणि पुढच्या महागड्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सूट देतो. हाफ फेअर कार्डवर ५० टक्के सूट मिळते. याउलट रिगीचा डोंगर ट्रॅव्हल पासमध्ये पूर्ण मोफत आहे. कुठले डोंगर चढायचे हे ठरवल्याशिवाय पास निवडणे म्हणजे कुठल्या दिवशी कार्यालयात जायचे हे न ठरवता त्रैमासिक पास काढण्यासारखे. सोळा वर्षांखालील मुलांना आई किंवा वडिलांबरोबर मोफत फॅमिली कार्ड मिळते, तेव्हा मुलांसाठी वेगळा पास घेऊ नये.

स्वित्झर्लंड श्रीमंत देश आहे, त्याची तुलना कल्याण लोकलशी कशी करायची, असे कुणी म्हणेल. तुलना भाड्याची नाही, पर्यायांची आहे. ब्रिटनने करोनानंतर बदललेली कार्यालयीन सवय पाहून जून २०२१ मध्ये ‘फ्लेक्सी सीझन’ तिकीट आणले. २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस प्रवास करा, असे त्याचे स्वरूप. आठवड्याला दोन दिवस जाणाऱ्यासाठीच ते बनवले होते. आणि इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. मुंबई मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांवर ३० दिवसांत ४५ किंवा ६० फेऱ्यांचे सवलतीचे पास दिले गेले. बेस्टनेही ‘चलो’ अॅपवर फेऱ्यांच्या संख्येवर बेतलेल्या योजना आणल्या. फेऱ्या मोजून पास देता येतो, हे याच महानगरात सिद्ध झाले आहे.

मग रेल्वेने काय करायला हवे?

उपनगरी रेल्वेचा पास अजूनही रोज जाणाऱ्या, कायम नोकरी असलेल्या आणि महिन्याच्या सुरुवातीला हातात पगार पडणाऱ्या माणसासाठी आखलेला आहे. त्या माणसाला तो आजही उत्तम आहे आणि तसाच स्वस्त राहायला हवा. त्याला धक्का लावणारी कोणतीही ‘सुधारणा’ या पट्ट्याला मान्य होणार नाही. २०१४ ने ते दाखवून दिले. प्रश्न त्या चौकटीबाहेरच्या प्रवाशांचा आहे.

पहिली विसंगती अशी की साप्ताहिक आणि पंधरवड्याचा पास एसीच्या प्रवाशाला मिळतो, सेकंड क्लासच्या प्रवाशाला नाही. ज्याला पगार महिन्याने मिळतो त्याच्यासाठी आठवड्याचा पास आहे आणि ज्याला मजुरी आठवड्याने किंवा रोज मिळते त्याच्यासाठी नाही. कल्याणहून रोज तीस रुपयांचे तिकीट काढणारा मजूर २६ दिवसांत ७८० रुपये देतो. शेजारी उभा असलेला कारकून त्याच प्रवासाला ३१५ रुपये देतो. मजुराला हिशेब कळत नाही असे नाही. पुढच्या आठवड्यात काम कुठे मिळेल आणि एकरकमी तीनशे रुपये आज हातात असतील का, हे त्याला ठाऊक नसते. गरिबाने त्याच डब्यात उभे राहून अडीचपट पैसे मोजावेत, ही रचना बदलायला हवी. सेकंड क्लासचा साप्ताहिक पास हा त्यावरचा सर्वात सोपा उपाय आहे.

दुसरा मुद्दा ‘इज्जत’ पासचा. असंघटित कामगारांसाठी २००९ मध्ये अवघ्या २५ रुपयांत मासिक पासची ही योजना आली. तिच्यासाठी मासिक उत्पन्नाची मर्यादा १,५०० रुपये ठेवली गेली. मुंबई महानगरात महिना दीड हजारांत जगणारा आणि तरीही रोज लोकलने कामावर जाणारा माणूस शोधूनही सापडणे कठीण. मर्यादा आजच्या किमान वेतनाशी जोडली नाही, तर योजना कागदावरच राहते.

तिसरी मागणी फेऱ्यांवर बेतलेल्या पासची. महिन्यात कोणतेही आठ किंवा दहा दिवस, अशा स्वरूपाचा पास अॅपवर देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. रेल्वेच्या ‘रेलवन’ अॅपवर अनारक्षित तिकीट आणि पास दोन्ही मिळतात. रोज सकाळी वापराचा दिवस नोंदवण्याची सोय त्याच अॅपवर करता येईल. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्याला सवलत मिळेल, तिकीट खिडकीवरची रांग कमी होईल आणि ‘आज एक दिवस बिनतिकीट गेलो तर काय’ हा मोहही कमी होईल.

चौथा मुद्दा एसी आणि फर्स्ट क्लासच्या पासचा. २०२२ मध्ये तिकीट निम्मे करताना पास जागेवर ठेवला गेला. बंद दारांच्या गाड्यांमध्ये अधिक प्रवासी यावेत असे खरोखर वाटत असेल, तर नियमित प्रवाशाला मिळणारी सवलतही त्या प्रमाणात वाढायला हवी. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. सुरक्षित डबा परवडणे हाही सुरक्षेचाच भाग आहे.

तोवर प्रवाशाने काय करावे?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुढच्या महिन्याचे कार्यालयाचे दिवस मोजावेत. सुट्या, रजा आणि घरून कामाचे दिवस वजा करावेत. सेकंड क्लाससाठी अकरा आणि एसीसाठी दहा हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच्या वर दिवस जात असतील तर पास, खाली राहत असतील तर तिकीट. अगदी काठावर असाल आणि प्रवास सेकंड क्लासचा असेल, तर चाळीसेक रुपयांचा विचार न करता पास काढावा. एसीच्या काठावर असाल तर तिकीट बरे, कारण महिन्यात एखादी रजा हमखास पडतेच. पास संपण्याची तारीख मोबाइलच्या दिनदर्शिकेत दोन दिवस आधीची टाकून ठेवावी. अॅपवर तिकीट काढणाऱ्यांनी ते स्थानकाच्या आवारात शिरण्यापूर्वीच काढावे; रुळांजवळ आल्यावर कागदविरहित तिकीट निघत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून हा पट्टा रेल्वेवर वाढला. कल्याणकडे जाणाऱ्या मेट्रोचे काम आता सुरू आहे आणि ती धावू लागली की लोकल, मेट्रो आणि बस यांच्या एकत्र पासचा प्रश्न उभा राहील. तो सोडवताना रेल्वे, मेट्रो आणि राज्य सरकार यांनी एकच गोष्ट आधी विचारात घ्यावी. प्रवासी महिन्यातून किती दिवस जातो हे आता त्याच्या हातात राहिलेले नाही. निदान त्या दिवसांचेच पैसे द्यायची मुभा त्याला मिळायला हवी.